गावचा पब वाचवायला न पिणाऱ्याने पैसे घालावेत का?

डेल्सकर
नॉर्थ यॉर्कशरमधल्या एका खेड्यात आम्ही सहा वर्षं राहतोय. चारशे-साडेचारशे वस्ती, एक चर्च, एक शाळा, एक पब. वाण्याचं दुकान आम्ही यायच्या आधीच बंद पडलं होतं. आता पबही जायच्या वाटेवर आहे. ज्या कंपनीच्या मालकीचा आहे तिला तो विकायचाय, आणि त्या जागेत दोन घरं कशी बसतील याचा हिशोब गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मागच्या गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. गावानं सोसायटी काढायची, शेअर विकायचे आणि पब विकत घ्यायचा असं ठरलं. कमीत कमी २५० पौंड. लाभांशाची खात्री नाही, शेअर दुसऱ्याला विकता येत नाही, पैसे परत हवे असतील तर समिती देईल तेव्हा. शेजारच्या आजोबांनी फॉर्म हातात दिला आणि म्हणाले, घाई नाही, रविवारपर्यंत द्या. (आज शुक्रवार.)

मी पीत नाही. मंगळवारच्या क्विझला लाइम-सोडा घेऊन बसतो. तिथं वेफर्सचं पाकीट वरून न फोडता बाजूनं उभं चिरतात, चंदेरी बाजू वर करून टेबलाच्या मधोमध पसरतात. ज्याला हवं त्यानं घ्यावं. पहिल्या हिवाळ्यात मी कोपऱ्यात एकटाच बसलो होतो, तेव्हा कुणीतरी असं पाकीट माझ्या बाजूला सरकवलं. गावाशी माझी ओळख झाली ती तिथून. माझ्या लेखी पब म्हणजे इथला पार. बायको म्हणते, गेले समजून देणार असशील तर दे. तुम्ही काय कराल?

चिमूरची
दादा, पारावर बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. तिथंच तुमची तुलना संपली.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं. दारू बंद करा म्हणून २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर बायका चालत गेल्या, त्यात माझी मावशी होती. पायात स्लिपर. जिल्ह्यात दारूबंदी झाली एप्रिल २०१५ मध्ये, आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. आमच्याकडे गावातल्या बायका सह्या गोळा करून मतदान मागतात, उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तर दुकानाला कुलूप. तुमच्या गावात हीच सह्यांची मोहीम उभ्या बाटलीसाठी चाललीय, आणि आपला मराठी माणूस विचारतोय पैसे घालू का. मला हसावं की रडावं कळेना.

सभासद ३१२
ताई, तुमच्या मावशीला नमस्कार, पण देशी दारूचं दुकान आणि खेड्यातला पब एका मापानं मोजू नका. दुकानातून बाटली घेऊन माणूस बाहेर पडतो, पबमध्ये चार ओळखीच्या डोळ्यांसमोर पितो. फरक आहे.

मी ऊसपट्ट्यातला, घरी कारखान्याचा शेअर. डेल्सकर सांगतायत ती रचना मला पाठ आहे. शेअर कितीही असोत, माणशी एकच मत. प्रवरानगरचा कारखाना ज्या तत्त्वावर उभा राहिला तेच. आणि त्या तत्त्वाचं माहेर इंग्लंडच, रॉचडेलची सहकारी सोसायटी, १८४४. आता मूळ गाववाले तेच वापरून पब वाचवतायत.

हे हवेतलंही नाही. कंब्रियात हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये ओल्ड क्राउन विकत घेतला. लंडनच्या ननहेडमधला आयव्ही हाउस २०१३ मध्ये ३७१ भागधारकांनी घेतला. आणि डेल्सकर, तुमच्या जवळ रिचमंडशेजारी हडसवेल आहे ना? तिथला जॉर्ज अँड ड्रॅगन २००८ मध्ये बंद पडला, गावानं घेतला, २०१० मध्ये उघडला. आत छोटं वाचनालय, छोटं दुकान, मागे भाजीचे वाफे. पुढे २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब ठरला. एकदा जाऊन या, मग फॉर्म भरा.

पहिलं काम मात्र नोंदणीचं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली २१ स्थानिक मतदारांनी अर्ज केला की कौन्सिल इमारतीला ‘समाजाच्या उपयोगाची मालमत्ता’ म्हणून यादीत घालू शकते. मग मालक विकायला निघाला आणि गावानं बोली लावायची इच्छा कळवली की सहा महिने दुसऱ्याला विकता येत नाही.

ताळेबंद
अर्धंच सांगितलंत, साहेब. सहा महिने थांबायचं बंधन आहे, गावालाच विकायचं बंधन नाही. मालक कॅलेंडरकडे बघत बसतो आणि सातव्या महिन्यात बिल्डरला देतो. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं घर करायला परवानगी लागते, हे खरं. पण तोवर छत गळू दिलेलं असतं, भाडेकरू पळवून लावलेला असतो, आणि मग ‘इथं धंदा होत नाही’ हे सिद्ध करणं सोपं जातं.

आता मुख्य मुद्दा. २००० मध्ये ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सुपरमार्केटात बियर स्वस्त, २००७ पासून आत सिगारेट बंद, वर कर. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या पबमध्ये ‘टाय’ असतो. भाडेकरूनं बियर मालक कंपनीकडूनच घ्यायची, तीही बाहेरच्यापेक्षा चढ्या भावानं. गावानं विकत घेतला की टाय सुटतो, हा एक खरा फायदा. वीजबिल, पगार, गळकं छत हे सगळं मात्र गावाच्या गळ्यात. अशा खरेदीसाठी २०२१ मध्ये १५ कोटी पौंडांचा सरकारी निधी निघाला होता, तोही २०२४ च्या डिसेंबरात बंद झाला.

आणि एक विचारू? सभेला आलेल्यांपैकी महिन्यातून दोनदा तिथं जाणारे किती? धोबी तलावाला बास्तानीचं इराणी हॉटेल बंद झालं तेव्हा मुंबईभर सुस्कारे. त्यातल्या कितींनी आदल्या वर्षी तिथं बसून बनमस्का खाल्ला होता? लोकांना पब *असावा* असं वाटतं. जायचं कुणीतरी दुसऱ्यानं.

ब्लॅक कंट्रीवाला
‘गावचा पार’ वाचून राहवलं नाही. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथं स्मेथिकमध्ये साठच्या दशकात ओतशाळांतून राबून आलेल्या पंजाबी कामगारांना कित्येक पबमध्ये गोऱ्यांच्या खोलीत बसू देत नसत. अवतारसिंग जौहल आणि इंडियन वर्कर्स असोसिएशन याविरुद्ध लढत होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स आले, तेव्हा जौहल त्यांना ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले. त्यांनाही त्या खोलीत ग्लास मिळाला नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. सार्वजनिक जागेत असा भेद बेकायदा ठरला तो त्याच वर्षाच्या कायद्यानं.

आज त्याच भागातले कितीतरी पब पंजाबी मंडळी चालवतात. मिक्स्ड ग्रिलचा धूर आणि तुडुंब गर्दी. वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायनमध्ये तर हा इतिहास रंगीत काचांच्या खिडकीत बसवलाय. त्यांचे पब वाचले ते जेवणानं. नवी माणसं आत आली, त्यांच्या चवीचं मिळालं. तुमच्या समितीला किचनची काही योजना आहे, की नुसतीच जुनी आठवण विकत घेताय?

डेल्सकर
ताळेबंद, वर्मावर बोट ठेवलंत. सभेला नव्वदेक माणसं होती, मंगळवारी मी मोजली ती चौदा. किचनबद्दल कुणी बोललंच नाही. एका काकूंनी तेवढं मला विचारलं, तुम्ही करी नाइट कराल का? मला धड वरणाला फोडणी देता येत नाही.

चिमूरची
पाराचं राहिलंच. आमच्या पारावर बाया कधी बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. म्हणून सरळ विचारते. समितीत बाया किती? आणि एखाद्याला जास्त झाली तर ‘आता पुरे’ कोण म्हणणार? मालक म्हणजे सगळं गाव. म्हणजे कुणीच नाही.

डेल्सकर
सातात चार बायका, अध्यक्ष निवृत्त शिक्षिका. ‘पुरे’ म्हणायचं काम सध्या बारवरच्या बाई करतात. गाडी घेऊन आलेल्याचा तोल जातोय असं दिसलं की किल्ली मागून घेतात आणि काउंटरमागच्या खिळ्याला अडकवतात. सकाळी येऊन न्यायची. मी स्वतः एका शेतकऱ्याला त्या खिळ्याकडे बघत चहा पिताना पाहिलंय.

चिमूरची
त्या बाई राहणार असतील तर माझं म्हणणं निम्मं मागे. निम्मंच.

डेल्सकर
२५० चा फॉर्म भरला. खाली लिहिलं, बारवरच्या बाई राहणार असतील तरच.

ताळेबंद
अट घातलेला शेअर अर्ज बाद होतो. नियमावली वाचलीत का?

डेल्सकर
आजोबांनीही तेच सांगितलं. नवा फॉर्म दिला. अट वेगळ्या कागदावर लिहून टाचणीनं जोडलीय.