चाकं बदलायच्या आधी टायर आणि हवा का बघत नाही कुणी?

हवा_किती

काल इथे एका सभासदांनी सायकलचे फोटो टाकले. ५० मिमी खोल कार्बन रिम, हबमध्ये सिरॅमिक बेअरिंग, वजनात ४८० ग्रॅमची बचत आणि खाली वाक्य: 'सायकल उडायला लागली, पहिला अपग्रेड चाकांचाच करा.' सायकल देखणी आहे, वाद नाही. पण फोटो मोठा करून बघा. टायर तेच जुने, २५ मिमीचे, आत जाड पंक्चररोधक पट्टी असलेले. हवा किती, असं कुणी विचारलं तर उत्तर ११० पीएसआय. आणि खाली चार नवे लोक 'मीही चाकंच घेतो' म्हणतायत. म्हणून हा वेगळा धागा.

हिशोब मांडतो. जाड टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर फिरताना रस्त्यावर होणाऱ्या विरोधाचा) गुणांक ०.००७ धरा, लवचीक केसिंगच्या (टायरच्या आतल्या कापडी अंगाच्या) चांगल्या टायरचा ०.००४. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी ३० किमी. दोन्ही टायर मिळून फरक साधारण २१ वॅटचा. आता ते ४८० ग्रॅम घ्या. ६ टक्के चढ, ताशी १२ किमी: १ वॅटसुद्धा वाचत नाही.

खोल रिमचा वाऱ्यातला फायदा खरा आहे, पण तो कोणत्या वेगाला मोजलाय ते बघा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ४५ च्या वेगाला १० वॅट वाचत असतील तर ३० ला वाचतात ३.

हवेचं तर विचारूच नका. ११० पीएसआयला टायर दगडासारखा होतो. रस्त्यावरची खडी टायरने गिळायची, तर तो अख्खी सायकल आणि वर बसलेला माणूस उचलतो, खाली आपटतो. ती ताकद मांड्या आणि पाठीत जिरते. गुळगुळीत ट्रॅकवर जास्त हवा चालते, खरखरीत डांबरावर एका मर्यादेनंतर जितकी हवा वाढवाल तितके हळू जाल. एकूण ८५ किलोला २८ मिमी टायरमध्ये मागे ७२, पुढे ६७ इथून सुरुवात करा आणि २-२ ने कमी-जास्त करून बघा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असा आदेश नसतो.

आणि एक प्रश्न फोटो टाकणाऱ्यांना, उत्तर आजच द्या. रिम हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवायला आतून हूक नसलेले, आहेत का? असतील तर मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. ११० ला टायर रिमवरून सुटू शकतो.

खडी_चढण

असहमत. हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

तुम्ही एकसारख्या वेगाचं गणित मांडलंत. तसं कोण चालवतं? वळण येतं, वेग मरतो, पुन्हा उचलायचा. गटात चालवताना हे दर मिनिटाला. रिमच्या कडेचं वजन वेग उचलताना जवळजवळ दुप्पट धरावं लागतं. फ्रेममधून २०० ग्रॅम काढणं आणि रिममधून २०० ग्रॅम काढणं एक नव्हे.

दुसरं म्हणजे सायकलबरोबर येणारी चाकं. बहुतेकदा १९०० ग्रॅमच्या आसपास, मशीनवर ताणलेल्या स्पोकची, दोन्ही बाजूंचा ताण एकसारखा नाही. उभं राहून पेडल मारलं की मागची रिम ब्रेक पॅडला घासते. हे टायर बदलून सुटत नाही.

आणि लवचीक केसिंगचे टायर किती टिकतात तेही लिहा की! पातळ कड एका धारदार दगडाने कापली जाते. तिथे सीलंट (भोक बुजवणारा द्रव) पुरत नाही, पॅच बसत नाही. मग २१ वॅट वाचवून रस्त्याकडेला उभे.

नवी_चाकं

तो फोटो माझाच. रिम हुकवाले आहेत, काळजी नको. पण मला न विचारता माझ्या सायकलचं पोस्टमॉर्टेम करायची ही पद्धत आवडली नाही. तिथेच विचारता आलं असतं.

११० भरण्याला कारण आहे. ९० ला ट्यूब रिमला चेपून दोन भोकांचं पंक्चर होतं. हवा वाढवली की होत नाही.

हवा_किती

पद्धतीबद्दल क्षमा मागतो, तिथेच विचारायला हवं होतं. हुकवाले आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला.

पण चेपण्याचं पंक्चर फक्त हवा कमी म्हणून होत नाही, टायर अरुंद म्हणूनही होतं. २५ मिमीत खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये उंचीच कमी. २८ घ्या, कमी हवेतही रिम वाचते. घेण्याआधी मोजा: फुगवलेल्या टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेमपासून ४ मिमी मोकळे हवेत, ब्रेकच्या कमानीखालीही. आणि २८ लिहिलेला टायर आतून २१ मिमी रुंद रिमवर २९ च्या वर भरतो, त्यामुळे कागदावरचा आकडा धरू नका, व्हर्निअर कॅलिपरने मोजा.

खडी_चढण, ती 'दुप्पट' फक्त वेग वाढत असताना. एकदा वेग धरला की शून्य. आणि उचलताना घातलेली ताकद चाकात साठते, वाया जात नाही, ब्रेक मारला तरच जाते. घासणाऱ्या चाकाचा मुद्दा मान्य, पण त्याला इलाज स्पोक-की, म्हणजे स्पोक ताणायची चावी. जोडीजोडीने स्पोक दाबून बघा, सैल सापडला की पाव-पाव फेरा. आउट (रिमचं डावं-उजवं डोलणं) काढून, ताण सारखा केलेलं साधं चाक बहुतेक वेळा घासत नाही.

आणि कडेचंच वजन कमी करायचं तर ट्यूब बदला. साधी ब्युटाइल (रबराची) ट्यूब १०० ग्रॅमची, टीपीयूची (पातळ प्लॅस्टिकची) ३५ च्या आसपास. दोन चाकांत १३० ग्रॅम, तेही अगदी कडेला.

खडी_चढण

टीपीयू सुचवताना अर्धवट लिहू नका, लोक फसतात. ती टायरबाहेर फुगवून बघायची नाही, एकदा ताणली की परत बसत नाही. व्हॉल्व्हपाशी नाजूक. आणि रिम ब्रेकवाल्यांनी लांब उतारावर वापरण्याआधी ट्यूबच्या खोक्यावरची सूचना वाचावी. रिम तापते तेव्हा काही टीपीयू मऊ पडतात, काही कंपन्या रिम ब्रेकला साफ नाही म्हणतात. लॅटेक्सचंही तेच. शिवाय लॅटेक्समधून रातोरात हवा उतरते, रोज सकाळी पंप.

कोरी_साखळी

दोघंही चाकांत अडकलात. मला त्या फोटोत काळी साखळी दिसली. बोट लावलं तर बोट काळं होईल अशी. पुढच्या दातांवर लेप बसलाय. तो लेप म्हणजे तेलात कालवलेली माती, सँडपेपरच. पिना आणि रोलर आतून झिजवत राहतो. सिरॅमिक बेअरिंगमधून एका चाकात १ वॅटसुद्धा येत नाही, हबमध्ये फरक पडतो तो सील किती घट्ट आणि ग्रीस किती दाट याने. आणि स्वच्छ, मेण लावलेली साखळी आणि ही साखळी यांत सहज ५ वॅट. सिरॅमिक काढा, मेण लावा.

थेंबभर_तेल

आलं मेण. कुठल्याही धाग्यावर आलंच पाहिजे का?

मेणाचे फोटो छान येतात. पाऊस झाला की मेण धुऊन जातं आणि साखळी रात्रभर तशीच राहिली तर सकाळी गंज. लांबच्या प्रवासात तिसऱ्या दिवशी साखळी किरकिरायला लागली की मेणाचं भांडं कुठून आणणार? तेल नीट लावलं तर काळा लेप बसत नाही. लोक बाटली उलटी धरून पेडल फिरवतात, म्हणून बसतो. प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. ११ स्पीडच्या (मागे ११ दातचक्रं असलेल्या सायकलच्या) साखळीत ११० च्या आसपास कड्या, म्हणजे ११० च्या आसपास थेंब. दहा मिनिटं मुरू द्या, मग बाहेरच्या पट्ट्या कोरड्या होईपर्यंत फडक्याने पुसा. बाहेर तेलाचं काहीच काम नाही.

कोरी_साखळी

पुसलेल्या साखळीलाही धूळ चिकटते, कारण तेल ओलं असतं. मेण खोलीच्या तापमानाला घट्ट असतं, धूळ आत ओढली जात नाही. मूळ फरक हा आहे, फोटोंचा नाही.

'मेण लावून बघितलं, दोनशे किमीत करकरलं' असं इथे वरचेवर वाचायला मिळतं. त्यातले बहुतेक कारखान्याचं ग्रीस न काढता मेण लावतात. ग्रीसवर मेण धरत नाही. म्हणून पूर्ण पद्धत देतो.

नवी साखळी बरणीत, बुडेल इतकं मिनरल टर्पेंटाइन, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, ओतून टाका. तिसऱ्यांदा ओतलेलं स्वच्छ दिसलं पाहिजे, नाही तर चौथ्यांदा. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलात एकदा, कारण टर्पेंटाइनचा पातळ थर राहतो आणि तोही मेण धरू देत नाही. पूर्ण वाळवा. रिफाइन्ड पॅराफिन अर्धा किलो पुरतं. ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, ९० पर्यंत न्या. साखळी तारेला अडकवून सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत, १०-१५ मिनिटं, मधून मधून ढवळा. आता महत्त्वाचं: लगेच काढू नका. भांडं ७० पर्यंत निवू द्या, मग काढा. ९० ला काढलं तर पातळ मेण पिनांमधून गळून जातं, आत काही उरत नाही. गार झाल्यावर साखळी काठीसारखी ताठ होते. एखाद्या नळीवरून ओढून प्रत्येक कडी मोकळी करा, नाही तर पहिल्याच किलोमीटरला गिअर उड्या मारतील. कोरड्या रस्त्यावर ३०० किमीनंतर पुन्हा. पुन्हा करताना टर्पेंटाइन लागत नाही.

स्पोक_की

एक राहिलं, आणि ते आधी लिहायला हवं होतं. उघड्या ज्योतीवर मेण तापवू नका! पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवा किंवा तापमान राखणारं विजेचं भांडं घ्या. मेणाने पेट घेतलाच तर झाकण टाका, पाणी कधीही ओतू नका, पेटतं मेण उडतं.

आणि जुनी, तेल प्यायलेली, झिजलेली साखळी त्या भांड्यात घालू नका, सगळं मेण घाण होतं.

थेंबभर_तेल

एवढी सगळी खटपट दर ३०० किमीला. रोज ४० किमी जाणाऱ्या माणसाने आठवड्याला साखळी उतरवायची? आणि क्विक लिंकचं, म्हणजे साखळी उघडायच्या-जोडायच्या कडीचं काय? १२ स्पीडच्या काही लिंक कंपनीच एकदाच वापरायला सांगते. दर वेळी नवी लिंक की तीच वापरून चढावर साखळी तुटण्याची वाट बघायची? तुम्ही पुस्तकी सल्ला देताय, वापरणाऱ्याचे हाल तुम्हाला दिसत नाहीत.

कोरी_साखळी

पुस्तकी नाही. पुन्हा वापरता येणाऱ्या लिंकही मिळतात, साखळी त्याच रुंदीची पाहिजे इतकंच. दोन साखळ्या एकदम मेणात घालून आलटून पालटून वापरल्या की भांडं दोन आठवड्यांनी निघतं.

पावसाबद्दल मात्र तुमचं बरोबर. ओल्यात मेण टिकत नाही, रोज भिजणाऱ्या सायकलला दाट तेलच लावावं. एवढं मान्य करतो, यापुढे नाही.

थेंबभर_तेल

मग कोरड्या रस्त्यावर मेण सरस, हे मीही मान्य करतो. पण बाटलीतलं थेंबाचं मेण लावणार, भांडं नाही. आणि ते लावून लगेच निघायचं नसतं हेही लिहून ठेवा. रात्रभर वाळू द्यावं लागतं, नाही तर त्यातलं पाणी उडायच्या आत मेण बाहेर फेकलं जातं.

हवा_किती

धागा टायरचा होता.

खडी_चढण

टायरचं बोलायचं तर माझा मुद्दा तसाच आहे. रोजच्या खडबडीत रस्त्याला मागे जाड टायर, पुढे लवचीक. मागच्या चाकावर वजन जास्त, तिथेच जास्त पंक्चर होतात आणि टायरही तिथलाच आधी झिजतो. तुमच्या २१ पैकी अर्ध्याच्या आत वॅट मिळतील, पण घरी सायकलवर बसून पोचाल. आणि नव्या चाकांचे स्पोक पहिल्या २००-३०० किमीत बसतात, तेव्हा एकदा ताण तपासून घ्या. हे फोटो टाकणाऱ्यांना अजून कुणीच सांगितलेलं नाही.

हवा_किती

पुढे लवचीक, मागे जाड, हे बरोबर आहे. माझ्या लेखात नव्हतं.

नवी_चाकं

मोजलं. पुढे ब्रेकखाली २५ च्या टायरवर साडेसात मिमी आहेत, मागे सीट-ट्यूबपाशी पाच. २८ पुढे बसेल, मागे नाही. चाकं परत करणार नाही, तीच आवडतात. हवा मात्र आज मागे ९५ केली, पुढे ८८. हँडलची झिणझिण निम्म्याने उतरली, हे कबूल.

साखळी किती झिजली ते कसं बघू? गेज नाही.

स्पोक_की

पट्टीने. साखळी पेडलवर जोर देऊन ताणून धरा. एका पिनेच्या मध्यावर शून्य लावा, २४ कड्या मोजा, आतली-बाहेरची दोन्ही धरून. कोऱ्या साखळीत तिथली पिन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर येते. ११ किंवा १२ स्पीडला दीड मिमी पुढे गेली की बदला. ८ ते १० स्पीडला सव्वादोन मिमीपर्यंत चालतं. तुमची ३०७ च्या पुढे भरली तर मेण-तेल दोन्ही राहू द्या, आधी नवी साखळी. आणि नवीवर मधल्या गिअरमध्ये उड्या मारल्या तर कॅसेटही (मागच्या दातचक्रांचा संच) गेलं.