मदत हवी आहे: आईच्या थायरॉइडसाठी नागपूरला स्कॅन करावाच लागेल का?

आम्ही आर्वी तालुक्यातले. आई ५४ वर्षांची. दिवाळीपासून थकवा, पायावर सूज. वेचणीला गेली की दुपारीच धुऱ्यावर बसते. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) वाढून ११.८ आलं, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) थोडं कमी. डॉक्टरांनी गळा चाचपून गाठ नाही म्हटलं आणि ५० मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी उपाशीपोटी सुरू केली. तेवढ्यावर थांबलं असतं, पण लॅबवाला म्हणाला, थायरॉइड आहे तर सोनोग्राफी करूनच घ्या. केली. रिपोर्टमध्ये ग्रंथी एकसारखी दिसत नाही आणि उजवीकडे ७ मिमीची गाठ, टायरॅड्स ३ (गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा नंबर).

झालं, तेव्हापासून नातेवाइकांचे फोन थांबत नाहीत. मामा म्हणतात सुईची तपासणी करा (गाठीतल्या पेशी काढून बघायची), नागपूरला न्यूक्लिअर स्कॅन करा. कापूस वावरात फुटून पडलाय, वेचायला माणूस नाही. खर्च वेगळाच. स्कॅनमधून नेमकं काय कळणार? काऊन करायचा?

प्रतिसाद

दादा, मी डॉक्टर नाही, न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ होते. ग्रंथी किरणोत्सर्गी टेक्नेशियम किंवा आयोडीन किती ओढते, ते स्कॅनमध्ये दिसतं. टीएसएच फार खाली गेलं असेल, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं असेल, तेव्हा त्याचा उपयोग. ग्रेव्हज (ग्रंथीच जास्त हार्मोन बनवते तो आजार) असेल तर सगळी ग्रंथी भरून दिसते, ग्रंथीच्या सुजेमुळे साठलेलं हार्मोन रक्तात सांडत असेल तर जवळपास रिकामी. आईचं उलट आहे, टीएसएच वाढलंय. स्कॅन काहीही आला तरी गोळी तीच राहणार.

सोनोग्राफीचंही तेच. नुसतं टीएसएच बिघडलं आणि हाताला गाठ लागत नसेल तर ती सरसकट करू नका, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं (हार्मोनतज्ज्ञांची संघटना) २०१३ मध्येच सांगितलंय. कारण शोधलं की बारीक गाठी सापडतातच, आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. एसीआरच्या (अमेरिकेतल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांची संघटना) २०१७ च्या टायरॅड्समध्ये ३ नंबरच्या गाठीला सुई २.५ सेंमीपासून, नुसती नजर ठेवायची तीही १.५ सेंमीपासून. तुमची ०.७. मात्र रिपोर्टमध्ये मानेतल्या लसिकाग्रंथींबद्दल काही लिहिलंय का बघा. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर असेल, आवाज बसला असेल किंवा घास अडकत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

ग्रंथी एकसारखी न दिसणं हाशिमोटोमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) नेहमीचंच. खात्री हवी तर अँटी टीपीओ ही त्याची रक्ततपासणी एकदा करा, पुन्हा पुन्हा नको. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच मात्र नक्की.

धागाकर्ता

ताई, लय आभार. मामांना हेच वाचून दाखवतो. पण मग मामेबहिणीचं काय? तिचं टीएसएच ०.०१, छातीत धडधड, गळ्यात गाठ वरूनच दिसते. तिला स्कॅन सांगितलाय, तोही टाळायचा?

प्रतिसाद

नाही नाही, तिला करू द्या! टीएसएच इतकं खाली आणि हाताला लागणारी गाठ, स्कॅन अशासाठीच असतो. ती गाठच हार्मोन बनवत असेल तर स्कॅनवर गरम, म्हणजे जास्त ओढणारी, दिसेल. गरम गाठीत कॅन्सर क्वचितच, त्यामुळे बहुतेक वेळा सुई टळते. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तारीख घेतानाच विभागात सांगा. अलीकडे कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल तर तेही सांगा, त्यातल्या आयोडीनमुळे काही आठवडे स्कॅन फसवा येतो.