शब्दचर्चा: बुरशी, भुरी की कवक? आणि 'चयापचय' कुणाला कळतं?

मिरजेच्या मॅडम:
आमच्या कॉलेजात एका शास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान आहे. बुरशीची विषं शरीरातल्या लिपिडांचा (म्हणजे चरबी आणि तिच्यासारख्या पदार्थांचा) कारभार कसा बिघडवतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पत्रिकेवर मी शीर्षक दिलं, 'कवकविषे व मेद चयापचय'. शिपाईमामांनी पत्रिका दोनदा वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे कवक कोण?" ऐकायला शेतकरी आणि पोल्ट्रीवाले येणार आहेत. काय लिहू?

हरिपूरकर:
मामांचं बरोबर आहे. कवक विश्वकोशात शोभतं. मनुस्मृतीत वर्ज्य पदार्थांच्या यादीत लसूण-कांद्याशेजारी 'कवकानि' आहे, तिथं अर्थ अळंबी. भाकरीवरच्या हिरव्या लवेला कुणी कवक म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. सरळ बुरशी लिहा.

तासगावचा बागायतदार:
बुरशी लिहा, पण भुरीशी घोळ होऊ देऊ नका. आमच्याकडं बुरशी म्हटलं की आधी भुरी आठवते. द्राक्षाच्या पानावर, मण्यावर राख उडाल्यासारखी दिसते ती. ती वेलीचा रोग. खाणाऱ्याला विष घालणारी नव्हे. बेदाण्यात ऑक्रॅटॉक्सिन हे विष सोडते ती काळी बुरशी, ॲस्परजिलसच्या जातीतली. पावसात मणी फुटला की तिचं फावतं.

विट्याचा पोल्ट्रीवाला:
आमच्यात 'टॉक्सिन'च म्हंत्यात. "मक्याला टॉक्सिन हाय, बाइंडर वाढवा," एवढंच. (बाइंडर म्हंजे खाद्यातलं विष धरून ठेवणारी पूड.) शब्द कुठला बी वापरा ताई, पण मेलेली कोंबडी फाडून एकदा काळीज बघा. तांबूस पायजे ते पिवळट, फुगलेलं. बोटानं दाबलं की भुगा. सुरी पुसली तर फडकं तेलकट हुतंय.

मिरजेच्या मॅडम:
दादा, त्या फडक्यावरचं तेल म्हणजेच व्याख्यानाचा विषय! यकृत चरबी तयार करतं आणि प्रथिनाच्या वेष्टनात बांधून रक्तात पाठवतं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष ते प्रथिन बनू देत नाही. ऊस तुटून पडलाय आणि ट्रॅक्टरच नाही, अशी गत. माल जागेवरच साठतो. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि हे विष सापडलं. नावही ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीवरूनच पडलं: 'ॲस्परजिलस'मधला अ, 'फ्लेव्हस'मधला फ्ला आणि टॉक्सिन.

निवृत्त मराठी शिक्षक, सांगली:
'चयापचय' बद्दल दोन शब्द. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. संधी होऊन चयापचय, म्हणजे शरीरातली पदार्थांची घडमोड. शब्द उत्तम घडवलाय, पण दहातले आठ जण त्यात 'अपचन' वाचतात. 'मेद चयापचय' वाचून कुणी ओव्याचं पाणी सुचवलं तर नवल मानू नका. दुसरं, लिपिडला सरसकट मेद किंवा चरबी म्हणता येईल का? पेशीच्या पडद्यातली लिपिडं काही पोटावरची चरबी नव्हेत.

मिरजेच्या मॅडम:
नाही म्हणता येणार सर, आणि नेमकं तिथंच अडतं. मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचं फ्युमोनिसिन हे विष (1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळखलं गेलं) स्फिंगोलिपिडांवर, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या लिपिडांच्या एका गटावर, घाव घालतं. त्याची ठेवण शरीरातल्या स्फिंगॅनिनसारखी, म्हणजे ही लिपिडं बनवायच्या कच्च्या मालासारखी. त्यामुळं त्यापासून सेरामाइड हे पुढचं लिपिड जुळवणारं विकर (एन्झाइम) फसतं, सेरामाइड बनत नाही आणि स्फिंगॅनिन तुंबत जातं. घोड्यांमध्ये यानं मेंदू मऊ पडून नासतो. 'स्फिंगो' हे नाव 1884 साली थुडिकम या शास्त्रज्ञानं दिलं. मेंदूत सापडलेला हा पदार्थ त्याला ग्रीक पुराणातल्या, वाटसरूंना कोडं घालणाऱ्या स्फिंक्सच्या कोड्यासारखा वाटला.

निवृत्त मराठी शिक्षक, सांगली:
मग 'कूटमेद' म्हणा! (गंमत करतोय. कूट म्हटलं की सांगलीत शेंगदाण्याचंच आठवणार.)

हरिपूरकर:
शेंगदाण्यावरून आठवलं, 'खवट' आणि 'कुबट' एक नव्हेत. खवट होतं ते तेल, हवा लागून. कुबट वास बुरशीचा, ओलीचा. आई डब्याचं झाकण उघडल्याबरोबर दोन्हीतलं वेगळं सांगायची.

मिरजेच्या मॅडम:
आणि अफ्लाटॉक्सिन दोन्हीत बसत नाही. त्याला स्वतःचा वास नाही, चव नाही. घरच्या शिजवण्यानंही ते पुरतं जात नाही. घाण्यावर शेंगा गाळल्या तर बहुतेक विष पेंडीत उतरतं. ती पेंड म्हशीनं खाल्ली की रूप बदलून काही अंश दुधात येतो. याला नाकानं दिलेला मराठी शब्द कुठून मिळणार?

विट्याचा पोल्ट्रीवाला:
म्हणून तर टॉक्सिन म्हंतोय.

मिरजेच्या मॅडम:
ठरलं. 'खाद्यातली बुरशी, तिचं टॉक्सिन आणि काळजातली चरबी'.

निवृत्त मराठी शिक्षक, सांगली:
'काळजातली' वाचून कवितेचे रसिक येऊन बसतील हो.

विट्याचा पोल्ट्रीवाला:
येऊ द्या की सर. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर काय देत्यात, ते त्यांना बी ठाऊक हाय.

मिरजेच्या मॅडम:
नवी पत्रिका मामांना दाखवली. या वेळी एकदाच वाचली आणि म्हणाले, "चहा किती जणांचा सांगू?"