भोंगऱ्याच्या बाजारात गल्ल्यावर पावरी आणि माइकवर नुसती मराठी, असं का?

सातपुडी

गाव नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा पट्ट्यातलं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एकाच बाजारगावाचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पावरी म्हणजे आमची, पावरा आदिवासींची भाषा. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातला प्रत्येक आठवडे बाजार आपापल्या वारी भोंगऱ्याचा बाजार होतो. पाड्यापाड्यातून लोक ढोल घेऊन उतरतात. गुलाल, दाळ्या, गूळ, खजूर, नारळ, साखरेचे हार-कंगन, घुंगरं अशी होळीची सगळी खरेदी त्या एका दिवसात होते. उन्हं चढली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

यंदा त्या गर्दीत पाच-सहा वर्षांची एक पोर हरवली. बंदोबस्ताला असलेल्या माणसांनी तिला मंडपात बसवलं आणि माइकवरून सांगायला सुरुवात केली, "हिरवा फ्रॉक परिधान केलेली एक लहान मुलगी सापडली असून तिच्या पालकांनी त्वरित संपर्क साधावा." पाच-सात वेळा तरी सांगितलं असेल. पोरीची आई मंडपापासून तीस-चाळीस पावलांवर हार-कंगनच्या दुकानात उभी होती. आधी ती दुकानदाराशी भाव करत होती, मग पोर दिसेना म्हणून कासावीस होऊन इकडेतिकडे बघायला लागली. माइकचा आवाज तिच्या कानावर आदळत होता, पण 'परिधान', 'त्वरित', 'संपर्क' यातला एक शब्दही तिचा नव्हता. शेवटी दुकानदारानेच तिला पावरीत सांगितलं, "तुझी पोर तिथे बसली आहे." ती धावली तेव्हा हातातला हार खाली पडून फुटला.

मी बाजूलाच उभा होतो. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. ज्याला माल विकायचा होता त्याला तिची भाषा येत होती. ज्याला तिची पोर तिच्या हवाली करायची होती त्याला येत नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. भोंगऱ्याच्या दिवशी माइकवर आधी पावरी, मग मराठी. दवाखान्याच्या आणि एसटी स्टँडच्या पाट्यांवरही तसंच.

गल्ल्यावरून

सातपुडी दादा, मी दुकानदार आहे. तो हार-कंगनवाला मी नव्हे, पण तसाच. आमची तिसरी पिढी इथे दुकान करते. घरात अहिराणी. आई अजून 'तुले काय व्हयनं' असंच विचारते. दुकानात पावरी, कारण दुकानात दुसरं काही चालतच नाही. शेजारचे पाटील शहाद्याकडचे, त्यांच्या घरात गुजरी. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, आखाजीला गौराईची गाणी होतात. तुमचा इंदल आणि गाव दिवाळी वेगळी. कोणी कोणाच्या सणात पाय घालत नाही, गरज पडली तर तेल-गूळ उधार देतो.

हे सगळं टिकलं आहे ते मराठी इथे कोणाच्याच घरची नाही म्हणून. तुमची नाही, माझी नाही, पाटलांची नाही. माइकवर ती बरी, कारण तिच्यामुळे कोणी मोठा ठरत नाही आणि कोणी लहानही नाही. उद्या पावरी लावली की परवा भिलोरी बोलणारे भिल येतील, मग गुजरीवाले. माइक एक आणि बाजार एक दिवसाचा.

पोरीचं झालं ते वाईटच झालं. पण चूक मराठीची नाही, 'परिधान'ची आहे. 'हिरव्या फ्रॉकची पोर मंडपात आहे' एवढं म्हटलं असतं तरी आईला कळलं असतं.

सातपुडी

भाऊ, 'परिधान'बद्दल तुमचं पटलं. पुढचं नाही पटलं.

मराठी कोणाच्याच घरची नाही म्हणता. पण तुमच्या घरापासून तिचं अंतर किती आणि माझ्या घरापासून किती? तुमचा पोरगा पहिलीत बसला तेव्हा 'मना'चं 'माझा' झालं की त्याचं काम भागलं. माझ्या भाच्याला पहिलीत बाईंचं एक वाक्य कळायला दिवाळी उजाडली. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात भिली, म्हणजे आमची पावरी ज्या गटातली त्या भाषा, आणि खानदेशी, म्हणजे तुमची अहिराणी, शेजारी शेजारी मांडल्या आणि भिली बोलींचं नातं गुजरातीशी जास्त असल्याचं दाखवलं. आमची भाषा म्हणजे मराठीची मोडकी बोली असं जे शिक्षक अजून म्हणतात त्यांनी तो खंड उघडून बघावा.

आकडाही सांगतो. २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे १ कोटी ४ लाख निघाले. संताली बोलणारे ७३ लाखांच्या आसपास, आणि संताली २००३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत गेली. ती गेली याचा मला आनंदच आहे, त्यांनी त्यासाठी झगडा केला. आम्ही चार राज्यांत वाटले गेलो. इकडे पावरी म्हणतात, पलीकडे मध्य प्रदेशात बारेली. म्हणून कोटीभर लोक असून कुठेच मोजले जात नाही.

नर्मदाकाठ

मी भिलोरीवाला. आमचं मूळ गाव नर्मदेच्या काठावर होतं, सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. आता तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो. मला दोघांचंही पटत नाही.

सातपुडी दादा, तुम्ही लिहिलं 'आधी पावरी, मग मराठी'. आणि आम्ही? त्या बाजारात पश्चिमेकडून उतरणारे अर्धे लोक आमचे असतात. दुकानदार पावरी शिकले आणि आता आम्हीही त्यांच्याशी पावरीतच बोलावं असं त्यांना वाटतं. माझी आई मीठ मागते तेव्हा दुकानदार तिला पावरी शब्द सांगून दुरुस्त करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माइकवर पावरी आली तर तुम्हाला न्याय मिळेल, माझ्या आईला आणखी एक परकी भाषा मिळेल.

आणि भाऊ, तुमची 'सगळ्यांची सारखी' मराठीसुद्धा मला मान्य नाही. पुनर्वसनात आलो तेव्हा आजूबाजूला अहिराणी आणि गुजरी बोलणारी गावं. तलाठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकेक शब्द शोधून बोलावं लागलं. जमीन मोजायला माणूस आला तेव्हा बाप मुकाट्याने उभा राहिला आणि बांध भलत्याच जागी पडला. तेव्हा मला मराठी नीट येत असती तर मी भांडलो असतो. म्हणून माझ्या पोरांना मराठी पक्की यावी असंच मला वाटतं. पण माइकवर कोणाची भाषा हा प्रश्न वेगळा आहे, तो पोरांच्या शिक्षणात मिसळू नका.

खडू

मी मूळचा मराठवाड्यातला. अकरा वर्षं डोंगरावरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. माझं मत इथे बहुतेकांना आवडणार नाही.

पहिल्या वर्षी मुलं माझ्याशी बोललीच नाहीत. मला वाटायचं लाजतात. नंतर कळलं, मी जे बोलतो ते त्यांना वाऱ्यासारखं वाटतं, येतं आणि जातं. मग मी पावरी शब्दांची वही केली. आजही पहिली-दुसरीला मी निम्मं पावरीतच शिकवतो. राज्यघटनेतलं ३५०अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल १९५६ पासून सांगतं आहे, तेव्हा मी काही उपकार करत नाही.

पण चौथी-पाचवीनंतर मुलगा आश्रमशाळेत जातो आणि तिथे त्याला कोणी थांबून घेत नाही. पाड्यावर मराठी कानावर पडत नाही. ती पडते ती बाजारात, एसटीत, माइकवर. ती एक जागाही काढून घेतली तर माझ्या मुलांचं नुकसान होईल. मी भावनेने बोलत नाही. दहावीची उत्तरपत्रिका मराठीत लिहायची असते.

मोगरी

गुरुजी, तुमच्या वहीबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार. असे शिक्षक मला मिळाले असते तर माझी दोन वर्षं वाचली असती.

पण मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून त्यांच्या आजीने काहीच न समजता बाजारात फिरायचं का? मी पावरा आहे, परिचारिका आहे. दवाखान्यात पाटी मराठीत, गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजीत. परवा एक म्हातारे बाबा आले. आमच्या नव्या डॉक्टरांनी चांगल्या मनाने समजावलं, 'सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक एक.' बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मी पावरीत विचारलं तेव्हा कळलं, ते सगळ्या गोळ्या आज संध्याकाळी जेवल्यावर घेणार होते. मी त्यांचा हात धरून उन्हात नेलं. सूर्य त्या टेकडीवर आला की ही, त्या झाडामागे गेला की ही. मग त्यांनी मला ते पुन्हा म्हणून दाखवलं, आणि मगच मी त्यांना सोडलं. जे मान हलवून निघून जातात त्यांचं काय होतं, हा विचार मला झोपू देत नाही.

माइकवर आमची भाषा आली तर मराठी कमी होत नाही. मराठी नंतर ऐकू येणारच आहे. उलट आधी अर्थ कळला की मागून येणारी मराठी पोरांना जास्त कळेल. हे तुम्ही तुमच्या वर्गात रोज करता, गुरुजी.

भटकंती

मी पुण्याचा, गेली तीन वर्षं भोंगऱ्याला येतो. छायाचित्रं काढतो. एक वेगळा मुद्दा मांडतो. बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. मराठी आणि हिंदी ठेवली तर लोक आणखी येतील, बाजाराला चार पैसे मिळतील. तरुण-तरुणी गुलाल लावून जोडीदार निवडतात, ही प्रथा शहरातल्यांना फार सुंदर वाटते. ती जगासमोर नीट मांडली पाहिजे.

मोगरी

दादा, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे वाक्य पुन्हा लिहू नका. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच छापून येतं आणि दरवर्षी आम्ही बाजारात मान खाली घालून चालतो.

भोंगऱ्या हे स्वयंवर नाही. तो होळीचा बाजार आहे. आमच्यात लग्न ठरतं ते दोन्हीकडची माणसं आणि पंच बसून, देज ठरवून. देज मुलाकडून मुलीकडे जातं, हुंडा नाही. पळून जाऊन लग्नं होतात, ती बाराही महिने होतात, तुमच्या पुण्यातही होतात. मागच्या वर्षी माझी चुलत बहीण चांदीची साखळी घालून ढोलाच्या मागे चालत होती. एका अनोळखी माणसाने जवळ येऊन तिच्या गालाला गुलाल लावला, कारण त्याने 'प्रथा' वाचली होती. ती सतरा वर्षांची आहे. यंदा ती बाजाराला आली नाही.

नर्मदाकाठ

मोगरी ताईंच्या शब्दाला माझा शब्द.

भटकंती दादा, होळीला काठी गावाला आलात तर बुध्यांचे फोटो तुम्ही काढालच. अंगावर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. तो पोशाख नाही, नवस आहे. ज्याने तो धरला तो होळीआधी खाटेवर झोपत नाही, पायात चप्पल घालत नाही. रात्रभर नाचून पहाटे होळी पेटते तेव्हा त्याच्या तळपायाकडे बघा. 'जरा इकडे बघ' म्हणून त्याला थांबवू नका.

भटकंती

हे मला माहीत नव्हतं. जुन्या छायाचित्रांखाली मी 'स्वयंवर' असं लिहिलं आहे, ते आज काढतो. पण लोकांनी येऊच नये असं तुमचं म्हणणं आहे का?

मोगरी

नाही. या, दाळ्या खा, ढोल ऐका. विचारून फोटो काढा. विचारायला भाषा लागते, म्हणून तर हा सगळा वाद चालू आहे.

गल्ल्यावरून

इतकं वाचल्यावर थोडं मागे सरतो, पूर्ण नाही.

नर्मदाकाठ भाऊंनी दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराचं लिहिलं ते मला लागलं, कारण तो मीही असू शकतो. आमच्या आजोबांनी पावरी शिकली ती धंद्यासाठी, हे मान्य. आमचूराच्या दिवसांत बाया कैऱ्या सोलून, खडकावर वाळवून गाठोडी बांधून आणतात. तेव्हा त्यांच्या भाषेत भाव सांगणाऱ्याकडेच त्या माल घालतात. वजनात फसवणारेही पावरीतच फसवायचे, हेही खरं आहे. भाषा आली म्हणजे माणूस आपला झाला असं नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

भीती मला दुसरीच आहे. आज सूचना आहे, उद्या पाटी, परवा 'आमच्या बाजारात आमचीच भाषा बोला'. सातपुड्याखालच्या मोठ्या गावांत दोन पिढ्यांपूर्वी जमिनीवरून काय काय झालं ते आमच्या घरात अजून सांगतात, तुमच्याही घरात सांगत असतील. बाजार त्या वाटेला जाऊ नये.

सातपुडी

भाऊ, सांगतात. जमीन कोणाची गेली तेही सांगतात. म्हणूनच म्हणतो, भाषेवरून कोणाला हाकलायचं नाही. फक्त हाक मारताना ती कळावी.

आदिवासी भागातल्या पंचायतींचा पेसा कायदा १९९६ चा आहे. आपली रूढी आणि ओळख जपण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. पण तो पंचायतींसाठी आहे. बाजारगावाची नगरपंचायत झाली की ग्रामसभाच राहत नाही. भोंगऱ्याला येणारी सगळी माणसं पाड्यांवरची, आणि ज्या गावात तो भरतो तिथे त्यांना ना मत ना माइक. म्हणून कायद्याची वाट न बघता आपणच काही करावं लागेल. 'तुमच्या भाषेला लिपी नाही' हे कारण कोणी सांगू नये. गोव्यात १९८७ ला कोकणी राजभाषा झाली ती देवनागरीतच. बोडोही देवनागरीत लिहितात.

माइकवरच्या सूचना त्या किती? हरवलेलं मूल, सांडलेलं सामान, शेवटची गाडी, पिण्याचं पाणी, दवाखाना कुठे, फोटोआधी विचारा. मोजून दहा ओळी होतात. पावरीतल्या मी लिहितो. खडू गुरुजी साधी मराठी करतील, 'परिधान' न घालता. नर्मदाकाठ दादा, तुमच्या शिवाय हे होणार नाही. 'आधी पावरी' हे मी चुकीचं लिहिलं होतं. भिलोरीतल्या दहा ओळी तुम्ही द्याल का?

खडू

माझ्याकडून मराठी लिहून देतो. मराठी शेवटी असावी की आधी, यावर माझं मत अजून तेच आहे.

नर्मदाकाठ

देईन. पण माइकवर मी स्वतः बोलणार किंवा माझी आई बोलेल. कागदावरून पावऱ्याने वाचलेली भिलोरी आम्हाला नको.