जामीन मंजूर झाला, माणूस मात्र येरवड्यातच

सहायक लोकअभिरक्षक, पुणे

परवा एका घरगुती जेवणात एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "सरकारच्या पैशावर चोरांची वकिली करतेस म्हणे?" तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे: कोर्टाने जामीन दिल्यावर केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून कुणी तुरुंगात राहता कामा नये. अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे 'तारखेला हजर राहीन' या त्याच्याच लेखी हमीवर, सोडावं.

आधी आमच्या कामाबद्दल. ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ नेमलेले वकील म्हणजे लोकअभिरक्षक. ही पद्धत २०२२ मध्ये आली. आम्हाला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. रिमांडच्या पहिल्या दिवसापासून आम्ही आरोपीबरोबर असतो.

आता एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. परभणीकडचा एक बिगारी. साइटवरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा चोरल्याचा आरोप. दोन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), रवानगी येरवड्याच्या तुरुंगात. तिसऱ्या आठवड्यात जामीन झाला: १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. त्याचा भाऊ दीड एकराचा सातबारा घेऊन रात्रभर प्रवास करून पुण्यात शिवाजीनगर कोर्टात आला. दिवसभर कोर्टाच्या बाहेर बसला. संध्याकाळी त्याला सांगण्यात आलं, पुणे जिल्ह्यातलाच जामीनदार आणा. या शहरात त्या भावाच्या ओळखीचं कोण? सातबारा पिशवीत परत घालून तो गावी गेला.

त्यानंतर साडेतीन महिने तो बिगारी आत होता. व्हीसीवर (तुरुंगातून व्हिडिओवर होणाऱ्या हजेरीत) दिसला की दर वेळी एकच विचारायचा, "मॅडम, माझा जामीन झालाय ना? मग मी इथं कशाला?" मागे पुढचा कैदी उभा असायचा, मिनिटभरात पडद्यावर दुसरा चेहरा यायचा.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याच दुखण्यावर निर्देश दिले आहेत. जामिनाचा आदेश ईमेलने तुरुंगात पोचवायचा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, हेही त्यात आहे. ते निर्देश जोडून मी अर्ज केला. न्यायाधीश साहेबांनी त्या बिगाऱ्याला एकच प्रश्न विचारला, "तारखेला येशील ना?" पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. तेवढ्यासाठी साडेतीन महिने.

हे काही नवीन नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १०,००० चा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडलं. परभणीचा भाऊ परत गेला तेव्हा मला तोच गवंडी आठवला.

निवृत्त फौजदार

मॅडम, तुमची कळकळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण माझी तीस वर्षं पोलीस ठाण्यात गेली. जातमुचलक्यावर सुटलेला बिगारी साइट संपली की दुसरीकडे जातो. रिमांड रिपोर्टवरच्या पत्त्यावर जावं तर पत्र्याची शेड पाडून पार्किंग झालेलं असतं. मग वॉरंट घेऊन परभणीला जायचं कुणी? दोन शिपाई, तीन दिवस, आणि इकडे बंदोबस्ताला माणूस नाही. स्थानिक जामीनदार असला की त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, दोन दिवसांत आरोपी हजर. कायद्यात जामीनदार उगाच ठेवलेला नाही. आणि बोगस जामीनदारांचा धंदा पुण्यात किती चालतो ते तुम्हालाही माहीत आहे. पडताळणी ढिली केली तर तोच फोफावेल.

हडपसरचा दुकानदार

आमच्या गल्लीत रात्री कोयते नाचवत पोरं आली आणि नऊ गाड्यांच्या काचा फोडल्या. महिन्याभरात सगळी बाहेर. त्याच चौकात केक कापला, तोही कोयत्याने. तुम्ही अजून सोपं करायला निघालात.

सहायक लोकअभिरक्षक, पुणे

दादा, तुमचा राग रास्त आहे. पण जरा बघा, ती पोरं बाहेर आली कशी? जामीनदार देऊनच ना? ज्याच्या पाठीशी कुणी 'भाऊ' आहे त्याचा जामीनदार आदेश टाइप होण्याआधी व्हरांड्यात उभा असतो. मी रोज पाहते. जामीनदाराच्या अटीने कोयतेवाला अडत नाही. अडतो तो, ज्याचं या शहरात कुणी नाही. धोकादायक माणसाला जामीन नको असेल तर सरकारी वकिलांनी 'से'मध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी म्हणण्यात) तसं लिहावं, मागचे गुन्हे दाखवावेत आणि कोर्टाने जामीन नाकारावा. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला तर जामिनाच्या अटी आधीच कडक आहेत, त्याला मी हात लावा म्हणत नाही. पण जामीन द्यायचा आणि पैशाच्या कुलुपाने आत ठेवायचं, हा निकाल नव्हे.

फौजदारसाहेब, तुमच्या मुद्द्याचं उत्तर सोपं नाही, त्यावर नंतर लिहिते.

एक फिर्यादी

मी कर्वेनगरची. सकाळी फिरायला गेले असताना मंगळसूत्र हिसकावलं, मानेवर अजून वळ आहे. ओळख परेडसाठी येरवड्याला गेले, हात थरथरत होते, तरी ओळखला. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. दीड महिन्याने तोच माणूस मंडईत भाजी घेताना समोर आला. मी पिशवी तिथेच टाकून रिक्षात बसले. मॅडम, त्याच्यासाठी तुम्ही आहात. माझ्यासाठी कोण होतं?

सहायक लोकअभिरक्षक, पुणे

ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्हाला कळवायला हवं होतं, त्यात माझ्याकडे दुसरी बाजू नाही. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला सांगायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये लिहिलं आहे. जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. कोर्टात त्यासाठी कुणी उभं राहिलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. तुमच्या घराच्या नि मंडईच्या भागात त्याने फिरकू नये, अशी अट मागता आली असती. ती मागायला तुमच्या बाजूने कुणी नव्हतं.

पण त्याला खटल्याआधी आत ठेवणं ही त्याची शिक्षा आहे, असं मात्र मी म्हणू शकत नाही. तुम्ही ओळखलंत ते बरोबरच असेल. बिगाऱ्याच्या वेळी मात्र वॉचमनने अंधारात बॅटरी मारून 'हाच' म्हटलं होतं. दोघांना कायदा एकच लागतो.

पौडफाट्यावरून

१९ मे २०२४ विसरलात का? कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली गेले आणि अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन, ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. त्या दिवसापासून मला जामीन हा शब्दच नकोसा झालाय. सगळ्यांनाच कडक करा.

सहायक लोकअभिरक्षक, पुणे

ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढचं होतं, तिथला कायदा वेगळा. पण तुमची चीड कळते, माझीही झाली होती. फक्त 'सगळ्यांना कडक' केल्याने कोण आत राहतं ते पाहा. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे ते वरच्या कोर्टात जातात. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. त्या तिघांत मोठ्या गाड्यांवाले किती असतील?

निवृत्त फौजदार

माझं उत्तर राहिलं. तुम्ही सोडवलेले किती जण तारखेला येतात? शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. जामिनाची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार भरतं. मग अट काढायची गरज काय?

सहायक लोकअभिरक्षक, पुणे

योजना चांगली आहे. पण तुरुंगातून नाव जायचं, जिल्हा समितीची बैठक व्हायची, मंजुरी यायची. माझ्या एका पक्षकाराचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात जाईपर्यंत आम्ही जातमुचलक्यावर त्याला बाहेर काढलं होतं.

न येणारे असतात, लपवत नाही. गेल्या हंगामात माझे दोघे गैरहजर राहिले. एकाचा अजून पत्ता नाही, आणि तुम्ही म्हणता तसं वॉरंट पडून आहे. त्याचं मला वाईट वाटतं, कारण 'येईल' असं कोर्टाला मी सांगितलं होतं. दुसरा ऊसतोडीला गेला होता. तारीख पुढे गेली तेव्हा ती त्याला कुणी कळवलीच नव्हती. मुकादमाच्या फोनवर निरोप दिला, चौथ्या दिवशी बायकोला घेऊन कोर्टात हजर. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी मी स्वतः फोन करते, आणि घरचे, मुकादम, शेजारी असे तीन नंबर वहीत ठेवते. तुमचा जामीनदार जे काम करतो, त्यातलं निम्मं त्या वहीने होतं. निम्मंच, हेही मान्य.

कोर्टातला ज्युनिअर

एक भर घालतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मुळे पहिल्यांदाच गुन्हा असलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटू शकतो, बाकीचे निम्म्या काळानंतर. जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून. पण एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हा लाभ नाही. छोट्या चोऱ्यांत नेमकी हीच मुलं असतात, एकाच रात्रीच्या तीन-तीन एफआयआर. त्यांना जातमुचलक्याशिवाय दुसरी वाट नाही.

निवृत्त फौजदार

किरकोळ गुन्हा, पहिलीच वेळ आणि पत्ता आमच्या माणसाने जाऊन पाहिलेला असेल, तर मी हरकत घेणार नाही. पण पत्ता पाहायला माणूस द्या. सराईताच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

एक फिर्यादी

माझी केस अजून उभी राहिलेली नाही. त्याने माझ्या भागात येऊ नये ही अट आता मागता येईल का? वकील करायची ऐपत नाही.

सहायक लोकअभिरक्षक, पुणे

येईल, ताई. मंडईतला प्रसंग तारीख-वेळेसह लिहून पोलीस ठाण्यात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. मग शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. आमचं कार्यालय आरोपींचं काम बघतं, म्हणून मी तुमची वकील होऊ शकत नाही, पण पॅनेलवरचा वेगळा वकील मिळेल. एफआयआरची प्रत आणि ओळख परेडची तारीख बरोबर ठेवा. सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी कमी असते.