चष्मा आणायला गेलो, गूळ खात आलो

प्रश्न (सांगली, वय 68): हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होतो. 2005 च्या पुरात पाणी कितव्या पायरीला टेकलं, आजही सांगतो. पण काल चष्मा आणायला आत गेलो नि गुळाचा खडा चघळत बाहेर आलो! टीव्ही चालू असला की बेरीजही चुकते. डोकं गेलं म्हणायचं का?

उत्तर: जुनं घट्ट बसलेलं असतं, काका. वयानं ढिली पडते ती नको ते बाजूला सारायची ताकद. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये हेच मांडलं. टीव्ही बंद करून बेरीज करून बघा.

उत्तर: आमची आई ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागली, तेव्हा मात्र डॉक्टर गाठला. तुमचं तसं होतं का?

प्रश्नकर्ता: छे हो! गणपती मंदिरापर्यंत पाय आपोआप जातात. टीव्ही बंद केला, बेरीज जुळली. मालिका बुडाली म्हणून घरात अबोला.