मदत हवी आहे: जीपीझेड ९०० आरला १७ इंची चाकं आणि नवे फोर्क

मंडळी, माझ्याकडे १९८४ ची कावासाकी जीपीझेड ९०० आर मोटरसायकल आहे. इंजिन उत्तम आहे, पण पुढचं चाक १६ इंची, मागचं १८ इंची, आणि या मापांत चांगले रेडियल टायर फारच कमी मिळतात. म्हणून दोन्ही चाकं १७ इंची करायची आहेत, सोबत उलटे फोर्क (पुढचं चाक धरणारे, जाड नळी वर असलेले सस्पेन्शनचे पाय) आणि मागे नवा शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर).

पुढे १२०/८०-१६ (मिमीमधली रुंदी/रुंदीच्या टक्क्यांत उंची-रिमचे इंच) ऐवजी १२०/७०-१७ घातला तर व्यास जवळपास तेवढाच राहतो. मागे मात्र १३०/८०-१८ च्या जागी १६०/६०-१७ आला की मागची बाजू साधारण २० मिमी खाली येते. ते लांब शॉकने भरून निघेल. पण नव्या ट्रिपल क्लॅम्पचा (फोर्क फ्रेमला जोडणाऱ्या पकडीचा) ऑफसेट, म्हणजे हँडल फिरण्याच्या अक्षापासून फोर्क किती पुढे आहेत ते अंतर, कमी असतो, म्हणजे ट्रेल (तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो तिथपासून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर) वाढणार आणि गाडी वळायला जड होणार. खरी काळजी याचीच आहे, कारण हिचं वळणातलं चापल्य मला गमवायचं नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा: जुना स्टेम (हँडल ज्यावर फिरतं तो दांडा) नव्या क्लॅम्पमध्ये दाबून बसवलात की बेअरिंगच बदलले? रुंद टायरमुळे चेन किती बाहेर घ्यावी लागली? आणि पुढच्या चाकावरून चालणाऱ्या स्पीडोमीटरच्या केबलचं काय केलंत?